वखारीतली मशीन आणि पडलेली चिंच

माझं नाव विमल. माहेर देवळ्याकडचं, तिकडची बोली जरा वेगळी, माझी आई काय बी दाखवायचं झालं तर म्हनायची, देख व माय, हाई काय शे, म्हंजे बघ गं, हे काय हाय. तर ते देखायचं मला तेव्हापासून लागलं, कोनी काय करत असलं की मी तिथं जाऊन उभी. लगीन झालं नि नाशकात आले. द्वारका चौकाच्या अलीकडं सासऱ्यांची जळाऊ लाकडाची वखार, मागच्या अंगाला दोन खोल्या. सासऱ्यांना सगळी गल्ली नाना म्हनायची. आमचे मालक अंबडला कंपनीत फिटर, सकाळी डबा घेऊन गेले की संध्याकाळीच यायचे, म्हंजे दिवसभर वखारीत नाना नि मी.

नाना लाकूड फोडायचे ते काय सांगू तुम्हाला. अंगानं काडीसारखा मानूस, पन ओंडका उभा केला की आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे, भोवती एक फेरी मारायचे, वाकून बारीक भेग कुठं गेलीय ते बघायचे, नि मग कुऱ्हाड अशी सोडायची की जोर लावला असं वाटायचंच नाय, ओंडका आपला आपन उघडायचा, शेंग उघडावी तसा. मी तोंडात बोट घालून बघायची. मला म्हनायचे, पोरी, लाकूड कुठं फुटायचं ते त्याचं आधीच ठरलेलं असतंय, आपन फक्त विचारायचं. बाभळ वली असताना फोडायची, वाळली की लोखंड. गाठ असंल तर तिच्या नादाला लागायचं नाय, बाजूनं जायचं. नि चिंच लय हट्टी, तिच्या आत पीळ असतो, तिला पाचर ठोकूनच घ्यायची, एक, दोन, तिसऱ्या पाचरीला ती कुरकुरती, तो आवाज ऐकायचा. मी ऐकायला शिकले. सासूबाई नव्हत्या, बाईमानसानं कुऱ्हाड धरू नये असं म्हनायला घरात कोनी नव्हतं, नि नाना तर म्हनायचेच नाय.

मग मशीन आली. मालकांनी कुठून तरी जुनी आनली, पेट्रोलवरची, साखळीची करवत, साखळीला चेन म्हनतो आम्ही. नाना दोन दिवस तिच्याशी बोलले नाय, म्हंजे तिच्याकडं बघितलं बी नाय. मला मात्र तिचं येड लागलं. रविवारी मालक अंगनात पोतं अंथरून ती खोलायचे, मी शेजारी बसायची. कार्बोरेटर कसा धुवायचा, हवेची जाळी भुशानं भरली की ती कशी दम लागल्यासारखी करती, पेट्रोलमंदी ऑईल मापानंच टाकायचं, अंदाजानं नाय, हे सगळं त्यांनी दाखवलं. पुढं पुढं त्यांना मी सांगायला लागले, अहो चेन ढिली झालीय, फिरती त्या पट्टीखाली लोंबती बघा. ते हसायचे, म्हनायचे आता तूच ये कंपनीत.

धार लावायचं मात्र माझं मीच शिकले. गोल कानस असती, एकेक दात घ्यायचा, प्रत्येक दाताला तेवढेच हात, एकाला जास्ती दिले की मशीन तिरकी कापती. ज्या दिवशी पहिल्यांदा नीट धार बसली त्या दिवशी लाकडातून अशा लांब लांब ढलप्या उडाल्या नि नाना उठून जवळ आले, त्यांनी एक ढलपी उचलली, बोटात फिरवली, नि म्हनाले, ही बी विचारूनच कापती म्हनायची. त्या दिवसापासून ते मशीनशी बोलायला लागले. त्यांनीच मला नियम घालून दिला, ढलपी पडती तोवर चालवायचं, भुसा पडायला लागला की थांबायचं. बोथट हत्यार मानसाला खातं.

आता ती चिंचेची गोष्ट सांगते, तुम्ही त्याच्यासाठीच आलात ना.

सहा-सात वर्षं झाली असतील. उन्हाळा संपत आलेला, दुपारची वेळ, नि एकाएकी वारं सुटलं. पाऊस नाय, नुसतं वारं, धुळीनं समोरचं दिसंना. पत्रे उडाले, शहरात किती तरी झाडं पडली त्या दिवशी. आमच्या मागच्या वस्तीत एक चिंच व्हती, तिघांनी हात धरले तरी कवेत यायची नाय अशी, बुंध्यात पोकळ. ती पडली. आवाज झाला म्हंजे कसा, मोठा नव्हता हो, दमलेल्या मानसानं खाली बसावं तसा, नि मग सगळं गप.

आम्ही पळत गेलो. झाड आडवं पडलेलं, नि त्याची एक फांदी, फांदी कसली, दुसरं झाडच म्हना, कमलताईंच्या घरावर. कमलताई म्हंजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स, नुकत्याच रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या, गल्लीतल्या निम्म्या पोरांचे जन्म त्यांच्या हातचे. भिंत कोसळलेली, फांदीचं एक टोक उरलेल्या भिंतीवर, दुसरं जमिनीत, नि मधला भाग लोखंडी पलंगावर. पलंग वाकून खाली आलेला, नि पलंग आनि भिंतीच्या मधल्या फटीत ताई. पाय अडकलेला. फक्त तोंड नि एक हात दिसत होता, तोंडावर पांढरी धूळ.

अग्निशामकला फोन झाला, पन रस्त्यावर झाडं पडलेली, गाडी पलीकडंच अडकली. चार-पाच जन फांदी उचलायला लागले, नाना वरडले, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वरडताना ऐकलं, हात काढा, हलली तर तिच्यावर बसंल. मग ते फांदीजवळ गेले, ऐंशीचे व्हते तेव्हा, तळहात ठेवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. म्हनाले, वरून दाबलीय, खालून ताणलीय. आधी टेकू द्या. द्वारकेवरच्या ट्रकवाल्यांकडून पोरांनी जॅक आनले, पलंगाच्या दोन्ही अंगांना लावले, फांदी पेलून धरली. नानांनी कोळशानं दोन रेघा मारल्या, जॅकच्या बाहेरून. मला म्हनाले, हितं नि हितं. आधी वरून थोडं, मग खालून. मधला तुकडा मोकळा झाला की उचलू.

तोवर मी वखारीतनं मशीन नि कानस आनली व्हती. पहिली रेघ बरोबर कापली. वरून थोडं घेतलं, मग खालून, टोक सुटलं, मधला भाग जॅकवर जसाच्या तसा.

दुसऱ्या रेघेला अर्ध्यात गेले नि ठिनग्या उडाल्या. आत खिळा. कोनी कधी काळी कपड्याच्या दोरीसाठी ठोकला असंल, झाडानं गिळून टाकलेला, वरून साल आलेली, कुनाला कळनार. मशीन थरथरली नि ढलप्या बंद झाल्या, पीठ पडायला लागलं. दुसरी चेन व्हती ती आठवड्यामागंच तुटलेली. सगळे म्हनायला लागले, दाब गं, रेटून ने, राहिलंय किती. मला बी वाटलं रेटावं. पन बोथट चेन रेटली तर मशीन उलटी उसळती, नि खाली तर ताई. मी बंद केली नि कानशीकडं हात नेला. मानसं अंगावर आली माझ्या, आता बसून कानस घासनार काय, बाई मरंल ना तिथं.

तेवढ्यात फटीतून आवाज आला. हळू, पन अगदी स्वच्छ, वॉर्डात बोलत असतील तसा. कमलताई म्हनाल्या, विमल, काय झालं. मी म्हनलं, ताई, खिळा लागला, धार गेली. त्या म्हनाल्या, घाई करू नको. ऑपरेशनला बोथट हत्यार मी डॉक्टरांच्या हातात कधी दिलं नाही. तू धार लाव. मी थांबते.

मी थांबते. जनू काय बस चुकलीय नि दुसरी येनार हाय.

मी खाली मांडी घातली, मशीन मांडीवर, नि कानस घेतली. कापायची जागा खिळ्यापासून वीतभर सरकवून नानांनी नवी रेघ मारली. मी एकेक दात घेत गेले, तीन हात, पुढचा दात, तीन हात, पुढचा. इतकी मानसं उभी नि कानशीचाच आवाज. मधूनच ताई विचारायच्या, किती दात झाले गं. मी सांगायची. त्या म्हनायच्या, बरं. तेवढ्यात अग्निशामकचे लोक पायीच पळत आले, त्यांच्यातला मोठा साहेब सगळं बघत उभा राहिला, मला वाटलं हा आता मशीन काढून घेतो. तो खाली बसला नि मशीनची पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली, हलू नये म्हनून.

मशीन परत चालू केली, दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. ढलपी पडली. ती ढलपी मला अजून दिसती हो, तांबडी-काळी, चिंचेच्या गाभ्याची, पोकळ झाडाला पन एवढा घट्ट गाभा फांदीत राहिला व्हता. मधला तुकडा आठ जनांनी उचलला. अग्निशामकवाल्यांनी पलंग कापून ताईंना बाहेर घेतलं. पाय दोन जागी मोडलेला. झोळीत घालताना त्यांनी माझा हात धरला, नि मी रडायला लागले तर मलाच म्हनाल्या, कानात कापूस घालत जा, मशीननं ऐकू कमी येईल. सांगा आता. स्वतःचा पाय असा लोंबतोय, नि या बाईला माझे कान दिसतात.

मी नंतर लय विचार केला. झाड मोठं का मानूस मोठं. नाना दोन वर्षांनी गेले, झोपेतच, काय त्रास नाय. त्यांच्यासाठीची लाकडं मी फोडली. रडत नाय फोडली, विचारत विचारत फोडली, त्यांनी शिकवली तशी.

कमलताई हायत. जरा लंगडतात, काठी घेतात, घर परत बांधलं. सणाला मला खीर खायला बोलावतात नि आल्यागेल्याला सांगतात, ही माझी सर्जन. मी म्हनते ताई गप बसा.

आता वखार पहिल्यासारखी नाय. गॅस आला. चुलीवरची मिसळ करनारे दोन-तीन हॉटेलवाले घेतात, लग्नाचे आचारी घेतात, बाकी कमी. उभं झाड तर मी कापतच नाय, परवानगी असली तरी नाय, माझा मी नियम केलाय. पडलेलंच कापते. मशीन नवीन घेतली, जुनी बी चालती अजून, आसपासचे लोक आपापल्या मशिनी घेऊन येतात, विमलमावशी जरा बघा म्हनून. मला आता उजव्या कानानं कमी ऐकू येतं, ताई बरोबर व्हत्या.

वारं सुटलं की फोन येतो, झाड पडलंय, या. मी आधी विचारते, खाली कोन हाय का. नाय म्हनले की जागच्या जागी हात जोडते, मग पेट्रोल भरते.

घ्या, चहा घ्या, गार झाला तुमचा. तुमच्या दारातली झाडं उभी राहोत, नि माझं काम तुम्हाला कधी पडू नये.