ओरत्तनाडूचा स्कॅन

तंजावूरच्या इस्पितळात माझ्या मागच्या बाकावर मामा-भाची बसली होती. भाचीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“हरिप्रिया, ओरत्तनाडूच्या दवाखान्यात काढलेला स्कॅन इथं डॉक्टरांना का दिसत नाही?”

“चूक माझीच, मामा. सकाळी दोन्हीकडचं नेटवर्क मीच बदललं. आता सगळ्या स्विचना वाट एकच रूट रिफ्लेक्टर सांगतो. पण तो एकाची वाट दुसऱ्याला कळवायला निदान एक तरी त्याचा क्लायंट म्हणून नोंदलेला लागतो. इथला आणि तिथला स्विच तसे नोंदवायचे राहिले, म्हणून दोघांना एकमेकांची वाट कळत नाही.”

“मग कर की!”

“करताना जोडणी तुटते. परत जुळली नाही तर?”

“अय्यो, तुझी अलमेलुमामी आत आहे गं!”

“केलं.”

“जुळली?”

“थांबा... जुळली.”

थोड्या वेळानं नर्स आली.

“अलमेलुंचे नातेवाईक? डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. लगेच बोलावलंय.”

“लगेच? का?”

“मामा, चला.”

“तू पुढं हो. मला उठवत नाही.”