अप्पांनी पेरलेला माळ

सोलापुरातल्या आमच्या मॉडेल-आगगाडीच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांना आगगाडी हवी होती, फक्त सोलापूर नको होतं. मी मॉडेलमधल्या मोहोळ स्टेशनामागं मुरूम चिकटवून, बाभळीच्या काटक्या रोवून माळ केला, तर रिटायर्ड स्टेशनमास्तर अप्पा भडकले.

"काय उजाड केलंस रे! उद्घाटनाला पाव्हणे येणारेत. हिरवं पायजे, हिरवं."

"मोहोळच्या माळावर हिरवं कुटं बघितलं तुमी?"

"कॉलेज अर्धवट सोडलेल्यानं मला मोहोळ शिकवू नये."

मग माझ्या माळावर माती पसरून अप्पांनी नवरात्रातल्या घटासारखे गहू पेरले. रोज स्वतः पाणी घातलं. गहू वाढत गेले तसे अप्पाही फुगत गेले.

उद्घाटनाच्या दिवशी वीतभर गहू रुळांवर आडवा झाला होता. पाहुण्यांनी बटण दाबलं. गाडी सुटली, गव्हात शिरली, ती बाहेर आलीच नाही.

अप्पा माझ्या कानाशी आले. "उपट की लवकर! मग कर तुझा माळ परत."

मी हात खिशात घातले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पेरलं तुमी, उपटायचं मी? सुगी होईपर्यंत गाडी लेट हाय म्हणून सांगून टाका, अप्पा. जन्मभर तेच सांगत आलात की."