निळ्या पट्ट्यांचं रान

...आन् मला सांगा, जायचं कुठं? तर कुठंच न्हाई! जिथं गाडी लावली, तिथंच फिरून परत यायचं! आवो, मंग उतरायचंच कशाला? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर लाकूडतोड केली, रानात मरमर चाललो, पर दर खेपेला कायतरी घेऊन आलो... ही हौसेनं रानात फिरायला जाणारी माणसं काय आणतात? फोटू! लाल पान दिसलं की 'आहाहा!' अरं, पान हाय ते, ऑक्टोबरात गळतंय, दरसाल गळतंय, त्यात आहाहा काय?

तरी गेलो. कुणासाठी? मार्लिससाठी! आमच्या चर्चात ऑर्गन वाजवती ती. तिचा नवरा गेलेला, माझी बायको गेलेली... लग्न करतीस का, एवढंच इचारायचं होतं, पर दोन वर्सं शब्द अडकला होता, माशाच्या काट्यावाणी! तीच म्हणाली, "व्हर्लिन, शनिवारी आमच्याबरोबर काउंटी पार्कात फिरायला ये की." म्हणलं, रानात इचारू. रानात मी कुणाला भितोय?

तर तिथं सगळं चर्चच लोटलेलं! जो तो दोन-दोन काठ्या घेऊन! दोन पाय असताना चार कशाला, बैल हाय का मी? आन् पुढं पार्कातली वाट दाखवणारी पोरगी, केलिन, माझ्या नातीएवढी, मला शिकवतीया, "काका, पाणी पीत राहा हं!" जायचं कुठंच न्हाई, आन् वर पाणी पीत राहा!

तेवढ्यात बघतो तर काय... ओकच्या बुंध्यावर निळा पट्टा! पुढच्यावर निळा! त्याच्या पुढच्यावरबी निळा! आता आमच्या धंद्यात झाडाला पट्टा म्हंजे काय? म्हंजे करवत! पाडा! तसली मीच किती पाडलीत, पर हा ओक... दोघांच्या कवेत मावंना, माझ्या बापानंबी सोडला असता असला! टाळकंच सटकलं माझं. झाडाला पाठ लावली, हात पसरले आन् बोंबललो, "कुणाची हिंमत हाय? आधी मला पाडा, मंग ह्याला!"

केलिन पांढरीफटक. "काका, अहो काका... कुणी पाडत नाहीये! वाटेच्या खुणा आहेत त्या. माणूस चुकू नये म्हणून."

"चुकंल कसा?" मी म्हणलं. "जायचंच न्हाई कुठं, तर चुकणार कसा?"

हसली की सगळी! चर्चातला हार्लन म्हातारा तर म्हणतोय, "व्हर्लिन, करवत विकतोस का रं आता?" आन् मार्लिस... ती एवढी हसली, एवढी हसली की खाली ओंडक्यावर बसली, डोळ्यांना पदर... पदर कुठला, रुमाल लावून! मी म्हणलं, संपलं. आता कुठलं लग्न!

मंग उठली, जवळ आली, माझ्या पाठीचा पालापाचोळा झटकला आन् हळूच म्हणती, "एका झाडासाठी एवढा ओरडलास... आणि मला एक शब्द विचारायला दोन वर्षं?"

आयला! ठाऊक होतं की तिला!

"मंग... करतीस का?" झाडाला धरूनच इचारलं बघा.

"करते," म्हणाली. "पण हे पट्टे फिके पडलेत. ते तू रंगवायचे."

आता दर शनिवारी मी ब्रश घेऊन पुढं, ती रंगाचा डबा घेऊन मागं. "वर घे, व्हर्लिन... वाकडा झाला... पूस तो." आन् मी पुसतोय!

लग्न अजून नाताळानंतर हाय, बरं का... पर नवरा मी आत्ताच झालोय!