चपला काढून बसायची गाडी

(नळदुर्गच्या अलीकडं, एका दूध सोसायटीचं आवार. १९८७ चा उन्हाळा. बॉनेट उघडलेली जुनी अँबॅसडर. पलीकडं ट्रॅक्टर, त्याच्या मागं रिकामा पाण्याचा टँकर. चेअरमन नानासाहेब उभे आहेत, गुंडाप्पा मिस्त्री गाडीखाली.)

नानासाहेब : आधी चपला काढ.

गुंडाप्पा : म्या गाडीच्या खाली हाय, नानासाहेब.

नानासाहेब : खाली अस नाहीतर वर अस. गाडीत कॉम्प्युटर आहे. सोलापूरला एका हापिसात मी डोळ्यांनी बघितलंय, मोठमोठे साहेब पायताण बाहेर काढून आत जात होते. आत सगळं थंडगार. बोलायचं तेसुद्धा हळू.

गुंडाप्पा : त्यो कपाटाएवढा असंल. ह्यो पोह्याच्या डब्याएवढा. जपानात ह्यो गाडीत धूळ खात ऱ्हातोय, कुणी इचारत न्हाय. हितं तुमी त्याला मागच्या शिटवर तक्क्याला टेकून बसवलंय. जावयावानी.

नानासाहेब : लोकांना दिसायला नको? जिल्ह्यातली पहिली कॉम्प्युटरची गाडी आहे. संचालक मंडळात ठराव झालाय, 'सदर यंत्र दर्शनी भागी बसवावे.'

गुंडाप्पा : दर्शनी भागी बसवा म्हनायला काय जातंय. वायरी पुरत्यात का? मुंबईच्या बंदरात ज्यानं जपानी गाडीतनं हे इंजन काढलं, त्यानं ऊस तोडल्यावानी तोडल्यात वायरी. त्या जोडून मागच्या शिटपतूर न्यायच्या. जपान्यानं हरेक वायरीला येगळा रंग दिलता, मानूस चुकू नये म्हनून. म्या तुमाला म्हनलं, तसल्याच रंगारंगाच्या आना. तुमी काय आनलं?

नानासाहेब : लाल. खरेदी समितीनं निविदा मागवल्या होत्या. एकाच रंगाचं बंडल स्वस्त पडलं. आणि करंटला काय रंग कळतो?

गुंडाप्पा : करंटला न्हाय कळत. मला कळतो. आता हितनं तितपतूर नुसत्या लाल शेवया. काल चावी फिरवली तर हॉर्न वाजला.

नानासाहेब : म्हणजे प्रतिसाद देतोय.

गुंडाप्पा : देतोय की. बरं, ते डब्यावरचं ओलं फडकं तेवढं काढा. पानी गळतंय त्याच्यातनं.

नानासाहेब : अजिबात नाही. त्याला थंडावा लागतो. सकाळी एक घागर, दुपारी एक घागर, शिपायाला नेमून दिलंय. कोण आहे तिकडं? ए बाई, लांब. चपला काढ आधी.

हरणाबाई : पायात न्हाईतच, नानासाहेब. म्या हरणाबाई, भीमनगरची.

नानासाहेब : बरं, तिथनंच बोल. हळू बोल.

हरणाबाई : आज तिसरा दिस, वस्तीवर टँकर न्हाय. रामकिसन ड्रायवर म्हनतोय, ट्रॅक्टरला बॅटरीच न्हाय. परवा बायांनी ढकलत ढकलत चालू केला, तर चढावर बंद पडला. बॅटरी कुठं गेली म्हनून इचारायला आले.

नानासाहेब : ती सोसायटीची बॅटरी आहे. सोसायटीच्याच कामाला लागलीय.

हरणाबाई : ह्या गाडीत?

गुंडाप्पा : व्हय यव्वा, ह्याच गाडीत. ह्या इंजनाला पेट्रोल पाजायचं तरी करंट लागतोय, फवारायचं तरी करंट. जुनी बॅटरी चावी फिरवली की मान टाकती. म्हनून ट्रॅक्टरची काढली. म्याच काढली. माझ्या ह्या हातानं.

हरणाबाई : मग त्या डब्याला काय झालंय? ताप आलाय का? पट्ट्या ठेवल्यात ओल्या.

नानासाहेब : त्याला थंड ठेवावं लागतं. दोन घागरी पाणी लागतं रोज.

हरणाबाई : दोन? आमच्या घरात सात मानसं, एक घागर मिळती. त्यीबी टँकर आला तर. ह्याचं येगळं रेशनकार्ड काढलंय का?

नानासाहेब : हरणाबाई, तू अडाणी, तुला रागावून उपयोग नाही. उद्या मंत्री येतायत दुष्काळ बघायला. त्यांना मी ह्या गाडीतनं फिरवणार. तुमच्याच वस्तीवर आणणार आधी.

हरणाबाई : मग आज तरी पानी द्या की. पावनं येनार म्हनताव.

नानासाहेब : आज पाणी दिलं तर उद्या दाखवायचं काय? भरलेले रांजण? तुमच्याच भल्याचं बोलतोय. रिकाम्या घागरी रांगेनं लावा, पोरं पुढं उभी करा. एकदा मंत्र्यांनी बघितलं की टँकर मंजूर.

हरणाबाई : टँकर तर हितंच हुबा हाय, नानासाहेब.

नानासाहेब : हा झाला जुना. मी नव्याचं बोलतोय. गुंडाप्पा, चावी फिरव.

गुंडाप्पा : सरका. ...घ्या. झाली चालू.

नानासाहेब : अहाहा! आवाज बघ! ए हरणाबाई, ऐक, जपानचा आवाज आहे हा! ...अरे, काय झालं? बंद का पडली?

गुंडाप्पा : फडक्याचं पानी डब्यात गेलं असंल.

नानासाहेब : छे. गरम झाला असेल. आणखी एक घागर आणायला सांगतो.

गुंडाप्पा : ...नानासाहेब, थांबा. एक सांगायचं ऱ्हायलं. नव्या जागेला आला की कंपूटर पयल्या रातीला झोपवावा लागतोय.

नानासाहेब : झोपवावा लागतो?

गुंडाप्पा : तर! फडकं काढायचं, बॅटरी सोडवायची, दार लावायचं. करंटाचा वासबी लागू द्यायचा न्हाय उजाडेपतूर. न्हायतर उद्या मंत्र्याच्या म्होरं हॉर्न वाजवत बसंल.

नानासाहेब : आधी सांगायचं की रे! तरीच सोलापूरला हळू बोलत होते. काढ, काढ बॅटरी. हरणाबाई, आवाज करू नको. गुंडाप्पा, मी जातो. दार सावकाश लाव.

हरणाबाई : ...गेले का?

गुंडाप्पा : गेले. चपला हातात घेऊन चाललेत, बघ.

हरणाबाई : मिस्त्री, खरंच झोपतंय का ओ ते?

गुंडाप्पा : डबडं हाय, यव्वा. थू! एवढी वर्सं पाना लावून नट सोडवले, आज तोंडानं सोडवायची पाळी आली. रामकिसनला हाक मार, बॅटरी धरू लागंल. दिस मावळायच्या आत एक खेप हुईल.

हरणाबाई : आन् उद्या?

गुंडाप्पा : उद्या सकाळी परत हिकडं बसवायची.

हरणाबाई : तुमीच?

गुंडाप्पा : म्याच. सोसायटीच्या समद्या गाड्यांचं काम माझ्याकडं हाय, यव्वा.

हरणाबाई : व्हय, त्येबी खरंच. ...मग आज दोन खेपा करू.