सहा किलोमीटर जास्त

(तळ्याकाठच्या ओह्रिद शहराच्या धक्क्यावरची होड्यांची शेड. टेबलावर चहाचे कप आणि साखरदाणी.)

ब्लागुना : तळ्याच्या त्या टोकाच्या स्वेती नाउमपासून या धक्क्यापर्यंत पाणी पंचवीस किलोमीटर आहे. रुमेना काल एकतीस किलोमीटर पोहली, आणि तरीही धक्क्याला तिचा हात लागला नाही.

स्पासे : सकाळपासून हेच ऐकतोय, मास्तरीणबाई.

ब्लागुना : अजून ऐका. होडी तुमची, सुकाणू तुमच्या हातात. धक्क्यावरची माणसं ओळखू येत होती, काका, आणि मला माझ्या बहिणीला काखेत धरून वर ओढावं लागलं!

रुमेना : मी इथेच बसले आहे, ताई. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं बोलू नकोस.

स्पासे : द्रीमने ओढलं तिला. नदी तळ्याच्या पोटातून जाते, पण तळ्यात मिसळत नाही. सगळ्या ओह्रिदला ठाऊक आहे.

ब्लागुना : सगळ्या ओह्रिदला ठाऊक असलेलं खोटं आहे ते. आणि ओढ असलीच तर नदी बाहेर पडते तिथे, स्त्रुगाला असेल. तुम्ही वाकडे गेलात ते स्वेती नाउमच्या टोकाला, पहिल्याच तासांत, अल्बानियाच्या हद्दीकडे. त्यांच्या गस्तीच्या बोटीने भोंगा वाजवला, तर तुम्ही टोपी हलवून त्यांची खुशाली विचारलीत!

स्पासे : ओळखीचे आहेत. तोंड फिरवू?

ब्लागुना : वारा नव्हता. सुकाणू मी स्वतः तपासलं, सरळ आहे. अंतर मोजणारी यंत्रं दोन होती, दोन्हींचा आकडा एकच. शेवटी तुम्हीच उरता. प्यायला होतात का?

स्पासे : ए पोरी! तुझ्या बापाला मी पोहायला शिकवलंय. पाण्यात माणूस असताना मी राकियाच्या बाटलीचं बूचही हुंगत नाही. आणि तू कुठे होतीस गं? होडीतच ना? डोळे काय घरी ठेवले होतेस?

ब्लागुना : माझे डोळे तिच्यावर होते. ती किती हात मारते ते मोजत होते, तिला खाऊपिऊ घालत होते. दिशा सांभाळायला तुम्हाला घेतलं होतं! रविवारनंतर पाणी गार होईल आणि यंदाचा हंगाम संपेल. रविवारी ती पुन्हा उतरेल तेव्हा मी दुसरा नावाडी आणते.

रुमेना : मला हेच काका हवेत.

ब्लागुना : ज्यांनी बुडवलं तेच?

रुमेना : तुझ्याहून जास्त संतापले आहे मी त्यांच्यावर. दिवसभर माझी होडी माझ्यापासून पळत होती. मला वाटलं, माझेच हात संपत चाललेत. रविवारी त्यांच्या होडीला शिवून दाखवते, मग भांडते.

स्पासे : पळत होती? अगं, तूच अंगावर येत होतीस! पन्नासदा आलीस!

रुमेना : येणारच. होडी हाताच्या अंतरावर ठेव, मान वर काढू नकोस, दुसरं काही बघू नकोस. ताईचाच हुकूम. मी श्वास घेते डावीकडे, आणि डावीकडे तुम्ही.

ब्लागुना : थांब. काका, ती अंगावर आली की तुम्ही काय करत होता?

स्पासे : काय करणार? होडी बाजूला घेत होतो. पाण्यात डोकं दिसलं की दोन वल्ह्यांचं अंतर सोडायचं. खाली इंजिनाचा पंखा फिरत असतो. इथल्या नावाड्याचं पोर हे बापाच्या थपडा खाऊन शिकतं.

ब्लागुना : मला सांगितलं नाहीत.

स्पासे : मी श्वास घेतो हेही तुला सांगितलं नव्हतं.

ब्लागुना : आणि पुन्हा रेषेवर कधी येत होता?

स्पासे : कसली रेषा? तू तिला खायला थांबवलंस की मी पुढचं टोक शहराकडे करायचो.

ब्लागुना : असाल तिथूनच.

स्पासे : मग काय मागे जाऊ?

रुमेना : हा कप मी. साखरदाणी होडी. घ्या काका, चालवा. ताईकडे बघू नका, माझ्याकडे बघा.

स्पासे : हं. चल. जरा लांब. अगं लांब! लागेल तुला. काय चिकटतेस!

रुमेना : तुम्ही कुठे निघालात?

स्पासे : तू सरक, मग मी थांबतो!

रुमेना : तुम्ही थांबा, मग मी सरकते!

ब्लागुना : साखरदाणी धरा. टेबल संपलं.

स्पासे : ...देवा रे.

रुमेना : रविवारी पंखा बंद. वल्ह्यांनी या.

स्पासे : पंचवीस किलोमीटर? वल्ह्यांनी?

रुमेना : मी हातांनी येते आहे.

स्पासे : भाच्याला घेतो जोडीला. पण मास्तरीणबाई, मला दारुडा म्हणालात ते आधी मागे घ्या.

ब्लागुना : घेतलं. आणि मला आंधळी म्हणालात, ते राहू द्या.

स्पासे : मग चूक कुणाची धरायची?

ब्लागुना : चूक नंतर वाटून घेऊ. कारण एवढंच आहे : ती होडीला धरून होती, आणि होडी तिला वाट देत होती.