अन्वीच्या वाढदिवसाचा फोटो

सोमवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी एक अनोळखी माणूस माझ्या नातीला, अन्वीला, शाळेतून न्यायला आला. अन्वी दुसरीत आहे, शाळा अमरावतीतच, घरापासून दहा मिनिटांवर. फाटकावरच्या कांताबाईला तो म्हणाला, पोरीच्या आजीले कोर्टात चक्कर आली, पोरीले लवकर द्या. कांताबाईनं विचारलं, पोरीचं नाव काय? त्यानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं, त्यात पाहून नाव वाचलं. कांताबाई म्हणाली, घरच्या मानसाले पोरीचं नाव पेपरात पाहा लागते काय रे भाऊ? तो कात्रण तिथंच टाकून निघून गेला.

त्यातला अन्वीचा फोटो मीच छापून आणला होता.

काय सांगू तुम्हाला, माझी सुरुवातच पेपरातल्या वाढदिवसांच्या रकान्यातून झाली. मी अकोल्याची, वडील बाजारात फुलांचे हार विकायचे, बी.ए. झाल्यावर एका दैनिकात लागले तर पहिलं काम मिळालं ते वाढदिवसांचं, लेकरांचे फोटो यायचे, खालचा मजकूर मी लिहायचे, आणि संपादक म्हणायचे, बाई, नाव, बापाचं नाव, शाळा, वर्ग, मोहल्ला, एकही सुटलं नाही पायजे, लोक लेकराचं नाव पाहाले पेपर घेतात. ती सवय हाताला लागली ती लागलीच. पुढे कोर्टाच्या बातम्या करायला लागले. साक्षीदार फितूर, आरोपी सुटला, हे इतक्यांदा लिहिलं की एक म्हातारी कोर्टाच्या पायरीवर मला म्हणाली, तू लिहून राहिली बाई, पन आमच्याकून बोलन कोन? माझी लेक मेघना, अन्वीची आई, तेव्हा चौथीत होती. नोकरी करता करता मी वकिली शिकले आणि अमरावतीला आले.

आता ही केस. नांदगाव पेठच्या वसाहतीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात टाकी साफ करताना दोन बाया आत गुदमरून मेल्या, त्यांच्या घरच्यांकडून मी वकील. मालक म्हणतो, त्या आमच्या कामावरच नव्हत्या. त्यानंच त्यांना टाकीत उतरवलं, हे पाहिलेली एकच, वंदना. तिच्या घराभोवती माणसं फिरायला लागली तेव्हा मी तिला दुसरीकडे हलवलं, तिचा पत्ता उघड होऊ नये म्हणून कोर्टात अर्ज केला, तो मंजूर झाला. त्याच आठवड्यात अन्वीचा वाढदिवस होता. मी जुन्या दैनिकाला फोटो पाठवला. नाव, बापाचं नाव, शाळा, वर्ग, मोहल्ला. खाली शुभेच्छुक म्हणून आजी, ॲडव्होकेट, माझं पूर्ण नाव.

पोलिसांत तक्रार दिली आहे. माणूस सापडलेला नाही. मंगळवारी वंदनाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, तुमी हटल्या त मी बी हटतो बाई, आताच सांगून ठेवतो. घरी मेघना म्हणाली, आई, तुले साक्षीदार झाकता येते, नात झाकता येत नाही? सोड ती केस. मी म्हटलं, साक्ष तेवढी होऊ दे. मंग अन्वी इथं राहात नाही, म्हणाली. जावई पुण्याला नोकरीला आहेत. बसची तिकिटं मीच काढली.

काल संध्याकाळी आमच्या घरासमोर एक राखाडी गाडी उभी होती, पाच ते सहा चाळीस. नंबरावर चिखल होता. आज सकाळी साडेसातला दोघी निघाल्या तेव्हा ती तिथं नव्हती.

वंदना अकरा वीसला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मालकाकडे बोट दाखवून तिनं त्याचं नाव घेतलं. उलटतपासणी अडीच वाजता आहे, म्हणून ही सुट्टी, म्हणून मी तुमच्याशी बोलते आहे. मेघनाचा फोन आला तो दहा वाजून पाच मिनिटांनी, अकोल्याच्या स्टँडवरून. म्हणाली, आई, अन्वीले भूक लागली, तिले सीटवर बसवलं, मी खाली उतरून समोसा घेऊन येतो.

आता एक पन्नास झाले. त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही.