उर्सुलाची लाइन

आमच्या अबुधाबीच्या ऑफिसातल्या वसईच्या रॉबर्टने एकदा अख्खा प्रोजेक्ट बंद पाडला होता. त्याच्या फोल्डरला बायकोचं नाव, उर्सुला. त्या फोल्डरचा पत्ता त्याने जावाच्या कोडमध्ये नुसता कॉमेंट, म्हणजे कॉम्प्युटरने सोडून द्यायची टीप, म्हणून लिहिला. पण पत्त्यात नावाआधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, असते आणि तिला लागून छोटा यू आला, की जावा कॉमेंटमध्येसुद्धा त्याला युनिकोड, म्हणजे अक्षराचा सांकेतिक क्रमांक, समजतो आणि पुढे आकडे मिळाले नाहीत की अडून बसतो.

मॅनेजर ओरडला, "यल्ला, जल्दी वो लाइन डिलीट करो!"

रॉबर्ट म्हणाला, "सर, आज उर्सुला का नाम नहीं मिटाऊँगा. आज उसके व्हिसा का जवाब आनेवाला है."

 मॅनेजरने स्वतःच कीबोर्ड ओढून ती तिरकी रेघ फक्त दुसऱ्या बाजूला वळवली. सगळं चालू झालं.

आता उर्सुला आम्हाला रविवारी जेवायला बोलावते. ती लाइन अजून आहे. हात लावून दाखवा कुणी!